बारा शब्द कुणाच्या डायरीत?

चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. टपरीच्या मागे पत्र्याची खोली. गेल्या डिसेंबरात पहिली पाळी सुटल्यावर मी त्या खोलीत बसलो होतो. सोबत चौदा-पंधरा माणसं होती. बहुतेक सगळे ठेकेदाराकडचे हेल्पर आणि पॅकिंगवाले. काही सोलापुरातले, काही मोहोळ तालुक्यातल्या आसपासच्या गावांतले. टोपी घातलेले होते, कपाळाला बुक्का लावलेलेही होते.

मला तिथे माझ्या खालाच्या मुलाने बोलावलं होतं. आठ वर्षं तो याच वसाहतीत ठेक्यावर काम करतो. आदल्या रात्री त्याचा फोन आला, “भाय, एक मीटिंग है. तुम खाली आके बैठो. बोलना कुछ नक्को.” मला वाटलं, तो मला अवघडू नये म्हणून असं म्हणतोय. खरं तर त्याने माझं काम मला अगदी नेमकं सांगितलं होतं. यायचं, बसायचं आणि बोलायचं नाही.

बोलायला जे आले त्यांना सगळे ‘सर’ म्हणत होते. पूर्वी कुठेतरी सुपरवायझर होते. त्यांनी आधी सलाम केला, मग रामराम घातला. बँकेत पैसे ठेवून काय मिळतं, असं विचारलं. आमच्याकडे बघून म्हणाले, “ब्याज तो वैसे बी हराम है. ये धंदे का मुनाफा है.” इतरांकडे बघून म्हणाले, “सरकार यावर तीस टक्के टॅक्स घेतंय, म्हणजे कायदेशीर आहे.” मग फळ्यावर आकडे लिहिले. वीस हजार लावा, महिन्याला दहा टक्के घ्या, दोन माणसं आणा, वर कमिशन घ्या. नाण्याचं नाव मी इथे देत नाही. तुम्ही हे वाचाल तोवर ते बदललेलं असेल.

यानंतर जे घडलं त्यासाठी हा लेख लिहितोय. सरांनी एकेकाचा फोन हातात घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून अ‍ॅप टाकलं. स्क्रीनवर इंग्रजीतले बारा शब्द आले. सर म्हणाले, “हे बारा शब्द म्हणजे तुमच्या तिजोरीची किल्ली. हरवले की पैसे गेले. तुमच्याकडून हरवतील, मी लिहून ठेवतो.” आणि त्यांनी लाल पुठ्ठ्याची डायरी उघडून प्रत्येकाच्या नावापुढे ते शब्द उतरवून घेतले. माणसं त्यांना शुक्रिया म्हणत होती, धन्यवाद म्हणत होती.

ते बारा शब्द काय असतात हे मला माहीत होतं. त्या खोलीत बहुधा मला एकट्यालाच माहीत होतं. मी गप्प बसलो. भावाची अडचण नको, भरल्या बैठकीत कुणाचा पाणउतारा नको, असं मनात आलं. शेवटी सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, “हे लेखक आहेत. हे पण आलेत.” मी हसलो.

चार महिन्यांनी अ‍ॅपमधून पैसे निघेनासे झाले. आधी ‘केवायसी अपडेट चालू आहे’ असं उत्तर येत होतं, मग उत्तरच थांबलं. माझ्या भावाने स्वतःचे साठ हजार घातले होते आणि नऊ माणसं आणली होती. त्यांतली एक आमच्याच मोहल्ल्यातली विडी वळणारी खाला आहे. तिचे भिशीचे वीस हजार गेले. माझा भाऊ आता जुम्याच्या नमाजेला मोहल्ल्यातल्या मशिदीत येत नाही. दुसऱ्या टोकाच्या मशिदीत जातो.

विश्वास नको म्हणणारं नाणं

बिटकॉइनची कल्पना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी मांडली गेली. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. जगभर बँका कोसळत होत्या तो हा काळ. निबंधाचं सार एवढंच होतं की पैशाच्या व्यवहारासाठी मध्ये बँक किंवा कुणी विश्वासू माणूस लागू नये. नोंदवही हजारो संगणकांवर सारखीच असेल, खोटी नोंद करणं जवळपास अशक्य असेल आणि नाणं हलवण्याचा अधिकार फक्त किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचा असेल. ते बारा शब्द म्हणजे ही किल्ली. फोन हरवला तरी चालतो, शब्द असले की नाणं परत मिळतं. आणि शब्द दुसऱ्याकडे असले की नाणं त्याचं. इथे शाखा नाही, मॅनेजर नाही आणि झालेला व्यवहार उलटा फिरवता येत नाही.

म्हणजे या नाण्याचा मूळ दावाच असा आहे की ‘कुणावरही विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा.’ आणि चिंचोळीच्या त्या पत्र्याच्या खोलीत ते कशावर विकलं गेलं? ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ या एका वाक्यावर. ज्या नाण्याला विश्वासाची गरज नाही असं सांगितलं जातं, ते आपल्या गल्लीत फक्त विश्वासावर विकलं जातं. हा विरोधाभास ज्याला दिसला त्याला पुढचा सगळा खेळ दिसतो.

स्वतः तपासणं म्हणजे इंग्रजी वाचणं, अ‍ॅप कुणाचं आहे ते पाहणं, किल्ली स्वतःजवळ ठेवणं. ज्याला हे जमतं त्याला पत्र्याच्या खोलीत बोलवायची गरज नसते, तो घरी बसून करतो. समोरासमोर जाऊन हे नाणं ज्यांना विकलं जातं ती माणसं नेमकी तपासू न शकणारी असतात. डायरी घेऊन फिरणारा माणूस त्यांना क्रिप्टो शिकवत नसतो. तो त्यांच्या आणि नाण्याच्या मध्ये स्वतः उभा राहतो. बँक नको म्हणणाऱ्या नाण्याची तोच बँक होतो. फरक एवढाच की या बँकेला परवाना नाही, पासबुक नाही आणि पत्ताही नाही.

कुणी म्हणेल, ही फसवी योजना होती, तिला क्रिप्टो म्हणूच नका. मान्य. पण नाणं खरं असतं तरी काय झालं असतं? किल्ली त्याच लाल डायरीत असती. नाणं खोटं असेल तर खालाकडे स्क्रीनवरचा नुसता आकडा आहे. नाणं खरं असेल तर ते सरांचं आहे. दोन्हीकडून तिचे वीस हजार तिच्या हातात नाहीत.

हे इंटरनेटवर घडत नाही

अशा बातम्या ‘ऑनलाइन फसवणूक’ या मथळ्याखाली छापल्या जातात. हा मथळा दिशाभूल करतो. आपल्या राज्यातली मोठी प्रकरणं आठवून पाहा.

एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत पोलिसांनी ‘वनकॉइन’च्या अठरा जणांना पकडलं. लोकांना जोडून घेण्यासाठी भरवलेल्या कार्यक्रमात. वनकॉइनला खरी सार्वजनिक नोंदवही कधी नव्हतीच. अमेरिकन तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार जगभरातून चार अब्ज डॉलर गोळा झाले. युगांडातल्या खेड्यांतल्या कुटुंबांनीही त्यात पैसे घातले. या नाण्याची संस्थापक रुजा इग्नातोव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये बल्गेरियाहून विमानात बसली आणि बेपत्ता झाली. २०२२ पासून ती एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेडच्या यादीत आहे.

पुण्यात गाजलेलं ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण २०१५ पासूनचं. बिटकॉइन द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्या, असा वायदा. गणित साधं आहे. अठरा गुणिले दहा म्हणजे एकशे ऐंशी टक्के. पण मायनिंगमधून निघणारी नवी बिटकॉइन जगभर मिळून आधीच ठरलेली असतात. सुमारे दर दहा मिनिटांनी एक ठराविक संख्या, तीही साधारण चार वर्षांनी निम्मी होते. २०१६ मध्ये ती पंचवीसवरून साडेबारावर आली. मशीन लावणारे वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. यातून ठरलेले दहा टक्के कुणीही देऊ शकत नाही. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी कंपनीच्या घरच्या नाण्यात मिळू लागला. मुख्य आरोपी अमित भारद्वाजला २०१८ मध्ये अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर साठहून अधिक ठिकाणी झडती घेतली. ईडीच्या म्हणण्यानुसार एकट्या २०१७ च्या भावाने हा आकडा ६,६०० कोटींचा होता. हे सगळं कशावर उभं राहिलं? सेमिनार, हॉटेलातल्या बैठका आणि ओळखीचे एजंट यांवर.

जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस नावाच्या दुकानासमोर माणसांचा लोंढा उभा राहिला. तिथे नाणं नव्हतं, चमकणारे खडे होते आणि आठवड्याला व्याजासारखा परतावा होता. पैसे घालणाऱ्यांत भाजीविक्रेते होते, छोटे दुकानदार होते. त्यांना पटवलं कशाने? काचेच्या, थंडगार शोरूमने आणि बक्षीस म्हणून वाटलेल्या गाड्यांनी. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, जानेवारी २०२२ मध्ये शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली असंच प्रकरण फुटलं. तिथेही पैसे गेले ते ओळखीपाळखीतून.

आणि मुस्लिम म्हणून आपल्याला आयएमए विसरता येणार नाही. बंगळुरूची ही कंपनी २००६ पासून ‘हलाल गुंतवणूक’ विकत होती. जून २०१९ मध्ये ती बुडाली, संस्थापक दुबईला गेला आणि जुलैत परतल्यावर दिल्लीच्या विमानतळावर पकडला गेला. हजारो कुटुंबांनी तक्रारी दिल्या. त्यांत लग्नासाठी ठेवलेलं सोनं होतं, हजसाठी जमवलेली रक्कम होती. तिथे कसलंही अ‍ॅप लागलं नाही. दाढी, टोपी आणि ‘हलाल’ हा शब्द पुरला.

नाणं असो, खडा असो की सोनं, माल बदलतो. वाट एकच आहे. पैसा ओळखीच्या माणसाच्या मागे मागे जातो.

खाला अडाणी नाही

पैसे गेले की सुशिक्षितांचं एक ठरलेलं वाक्य असतं, “लोकांना डिजिटल ज्ञान नाही हो. लोभ असतो, दुसरं काय!”

आमच्या मोहल्ल्यातल्या त्या खालाला भेटा. चाळीस वर्षं ती विडी वळतेय. ब्रांचवरून आणलेली तंबाखू हातात घेतली की कमी भरली आहे का ते तिला कळतं. पानं ओली आहेत की जुनी, हजार विड्यांमागे छाट किती काढली, त्यात ब्रांचवाल्याने किती दाबली, सगळा हिशोब तोंडपाठ. भिशीत कुणाचा नंबर कधी, कुणी दोन हप्ते मागे ठेवले, हे ती वही न उघडता सांगते. ही बाई हिशोबात कच्ची नाही. फक्त या वेळी तिला अशी वस्तू विकली गेली की जी हातात घेऊन तोलता येत नाही.

ती म्हणाली, “मैं तेरे भाई को पहचानती थी. वो सिक्के को थोडीच पहचानती थी!” तिने भिशीत घालते तसेच पैसे घातले होते, माणूस बघून. भिशी चालते ती यावरच. तिथे पैसे दाबले तर त्या माणसाला त्याच गल्लीत तोंड दाखवायचं असतं. तिची पद्धत चुकीची नव्हती. तिच्या पद्धतीचा गैरफायदा घेतला गेला. गल्लीतला माणूस पुढे केला गेला आणि पैसा गल्लीबाहेर गेला.

आणि लोभाचं म्हणाल, तर पत्र्याच्या खोलीतल्या माणसांना ठेक्यावर आठ-आठ वर्षं काम करून कायम होण्याची आशा नाही. मुलीचं शिक्षण, आईचं ऑपरेशन, घराचं भाडं. यातून सुटायची वाट शोधण्याला लोभ म्हणायचं असेल, तर शेअर बाजारात पैसे घालणाऱ्या मध्यमवर्गालाही तोच शब्द लावा.

शिकलेले तरी कुठे सुरक्षित आहेत? जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांची खाती वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. ते ग्राहक इंग्रजी वाचणारे होते, केवायसी केलेले होते. तेही किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन बसले होते. फरक इतका की त्यांच्याकडे वकील होते आणि ट्विटर होतं. खालाकडे माझा भाऊ होता.

हलाल की हराम, हा प्रश्न नंतरचा

आपल्याकडे चर्चा लगेच फतव्यावर जाते. इजिप्तच्या मुफ्तींनी बिटकॉइनला नाजायज म्हटलं. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टो हराम ठरवली. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने २०२० मध्ये काही अटींवर व्यवहाराला परवानगी दिली. उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते राहतील. ज्यांचा तो अभ्यास आहे त्यांनी तो करावा.

पण एजंटला हाच वाद हवा असतो. तुम्ही नाणं हलाल की हराम यावर बोलत राहता आणि त्याच्या डायरीवर कुणी बोलत नाही. ‘ब्याज हराम’ हे वाक्य त्याच्या तोंडी दीनसाठी येत नाही. बँकेकडे जाणारी तुमची वाट बंद करायला येतं.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? सूरह बकरा, आयत २८२. ती नमाज-रोज्याबद्दल नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत, लेखनिक आणि साक्षीदार हे सगळं त्यात आहे. आणि ज्याला स्वतः मजकूर सांगता येत नाही, त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने तो सांगावा, अशीही तजवीज आहे. म्हणजे ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या पैशाचं काय, हा प्रश्न तिथे विचारलेला आहे आणि त्याची जबाबदारी जाणत्यावर टाकलेली आहे. चौदाशे वर्षांपूर्वी. आपण मात्र वीस हजार रोख देतो आणि पावती मागणं बेअदबी समजतो.

त्या खोलीत लेखन झालं होतं, पण उलटं. देणाऱ्याची किल्ली घेणाऱ्याच्या वहीत लिहिली गेली. पैसे किती घेतले, कधी परत देणार, साक्षीदार कोण, याची एक ओळ कुठे नव्हती. जाणता माणूस तिथे होता. मी.

बँकेने दार लावलं म्हणून

क्रिप्टोचे प्रामाणिक समर्थकही आहेत, त्यांचं म्हणणं उडवून लावत नाही. ते म्हणतात, बँकांनी गरिबांना आणि मुसलमानांना कधी उभं केलं? ज्याला बँक नाही त्याला हे तंत्रज्ञान का नको?

पहिला भाग खरा आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने ते नोंदवलं आहे. बँक कर्जांत मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने खूपच कमी होता आणि काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना नकारात्मक विभाग ठरवून ठेवलं होतं. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्यांसाठी तर जागाच नव्हती. २०१६ मध्ये बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी कर्जाचा छोटा प्रयोग केला होता. पण पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. सरकारने आणि बँकांनी ही पोकळी ठेवली आहे. लाल डायरी त्याच पोकळीत उघडते.

पण दार बंद आहे म्हणून खिडकीतून ढकलून देणं याला मदत म्हणत नाहीत. गरिबाला बँक नाही, याचं उत्तर त्याला बँक देणं हे आहे. बिनव्याजी पतसंस्था, नोंदणी असलेला बचत गट, हिशोब दाखवणारा बैतुलमाल हे आहे. ज्याचा भाव एका रात्रीत पंचवीस टक्के पडू शकतो, ज्याची किल्ली त्याला वाचता येत नाही आणि चुकलं तर कुठल्या काउंटरवर जायचं ते माहीत नाही, अशी वस्तू त्याच्या महिन्याच्या पगारातून विकणं हे समावेशन नाही. ज्याला हे खरोखर शिकवायचं आहे, त्याने आधी वर्षभर शिकवावं आणि एक रुपयाही घेऊ नये. असा शिक्षक मी अजून पाहिलेला नाही.

टॅक्सबद्दलही स्पष्ट बोलू. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, हे खरं. कर लावला म्हणजे सरकारने हमी दिली असं होत नाही. क्रिप्टो विकत घेणं आज गुन्हा नाही. पण ठराविक परताव्याचं आमिष दाखवून, परवानगीशिवाय लोकांकडून ठेवी गोळा करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात ठेवी घेणाऱ्याला तर शिक्षा आहेच, पण अशा योजनेसाठी लोकांना गळ घालणाऱ्यालाही एक ते पाच वर्षांची कैद आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदाही आहे. ‘मी तर फक्त ओळख करून दिली’ हे कायद्यापुढे चालत नाही.

जामीन कोण?

मशिदीचे ट्रस्टी, जमाअतचे सदर, शाळेतले मास्तर, कामगार पुढारी, भिशी चालवणाऱ्या आपा आणि माझ्यासारखे लिहिणारे, सगळ्यांना उद्देशून बोलतोय. अशा बैठकांत आपल्याला बोलायला कुणी बोलवत नाही. बसायला बोलवतात. दुकानाच्या उद्घाटनाला दुआ करायला बोलवतात, फोटोत उभं राहायला बोलवतात. आपलं बसणं हीच त्यांची जाहिरात असते. आणि पैसे बुडाले की आपण म्हणतो, “मी तर काहीच बोललो नव्हतो.”

न बोलता दिलेली हमी ही हमीच असते. खालाने नाणं बघून पैसे दिले नाहीत, माणसं बघून दिले. त्या माणसांत मीही होतो. म्हणून माझी सूचना साधी आहे. जो कुणी दुसऱ्याला कुठल्याही योजनेत पैसे घालायला सांगेल, त्याने पाचशेच्या स्टँपपेपरवर दोन साक्षीदारांसमोर जामीन म्हणून सही करावी. पैसे बुडाले तर मी भरीन, असं लिहून द्यावं. सही करायची तयारी नसेल तर त्याने त्या योजनेचं नावही काढू नये. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी एवढी एक गोष्ट सांगितली तरी पत्र्याच्या निम्म्या खोल्या रिकाम्या होतील. कारखान्यांच्या व्यवस्थापनालाही एक विचारायचं आहे. गेटसमोर युनियनची सभा झाली की तुम्हाला पाच मिनिटांत कळतं. ही सभा कशी कळत नाही?

आता माझ्या भावाचं. लोक त्याला चोर म्हणतात. तो चोर नाही, त्याचेही पैसे गेले. पण नऊ घरांपर्यंत ती डायरी पोचवणारा तोच आहे आणि हे त्याला टाळता येणार नाही. तीन महिने तो तक्रार करायला तयार नव्हता. तक्रार केली तर आपलंच नाव येईल ही भीती. अशी प्रकरणं दाबली जातात ती याच भीतीने, आणि सर लोक याच भीतीवर पुढच्या गावी जातात.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक १९३० आहे. सोलापूरकराला हा आकडा पाठ करावा लागू नये. मे १९३० मध्ये याच शहरावर मार्शल लॉ लागला होता. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार माणसं, चार घरं, एक शहर. आज त्या आकड्यावर फोन करायला आपल्याला शरम वाटते. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर बँक खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. रोख दिली असेल तरी पोलिसांत लेखी तक्रार द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका.

मागच्या आठवड्यात भाऊ माझ्या घरी आला. आम्ही शाळेची दोनशेपानी वही घेतली. त्याने नऊ नावं लिहिली, रक्कम लिहिली, तारीख लिहिली, पैसे कुणाच्या हातात दिले ते लिहिलं. दहावं नाव त्याचं स्वतःचं. साक्षीदार म्हणून मी सही केली, बैठकीला हजर होतो असंही लिहिलं. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी खालाने अंगठा दिला. त्याची एक प्रत आता पोलिसांकडे आहे. पैसे परत येतील का, सांगता येत नाही. भावाने दरमहा दोन हजार खालाला द्यायचे, हे मात्र त्याच वहीत लिहिलं आहे आणि पहिला हप्ता गेला आहे.

परवा कळलं, वसाहतीत दुसऱ्या एका गेटसमोर नवी बैठक सुरू झाली आहे. नाणं नवं आहे. डायरी तीच आहे की नवी, माहीत नाही. त्या खोलीत आपल्यातलं कुणी शिकलेलं माणूस बसलेलं असेल, तर त्याने बारा शब्द लिहून घ्यायला सुरुवात होताच उठावं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारावं, ही डायरी तुमच्याकडे का? मला तेव्हा एवढं जमलं नाही.